हैबतरावांनी भात सोडला

सुरभीचं लग्न झालं ते २०२२ साल. वैशाखात, हमरापूरला, नवऱ्या मुलाच्या दारात मांडव होता. मांडवामागच्या शेडमध्ये बिनरंगाचे गणपती ओळीनं उभे होते आणि पुढे पंगत बसली होती. मुलीचे वडील हैबतराव तीनदा भात मागून जेवले, पंगतीतून उठले, दोन पावलं चालले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून जवळच्या गणपतीला धरून खाली बसले. गणपती कच्चा होता. त्याचा हात हैबतरावांच्या हातात आला.

नव्या व्याह्यांनी तो हात काढून बाजूला ठेवला आणि हैबतरावांना रिक्षात घालून पेणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून साखरेचा आकडा सांगितला. हैबतरावांना वाटलं, बिल सांगतायत.

"भात किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेवतो तेवढा."

चार दिवसांनी मुलगा नितेश कंपनीतली शिफ्ट संपवून घरी आला आणि वडिलांना मोटारसायकलवर बसवून पूल ओलांडून अष्टमीला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात समीक्षा नावाची मुलगी लोकांना काय खावं ते सांगायची. वयानं सुरभीएवढीच होती.

"काका, भात बंद," ती म्हणाली. "दोन्ही वेळचा. भाकरी अर्धी. बाकी भाज्या, अंडी, मासळी, वालाचं बिरडं खा."

हैबतरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि जेवायचं काय?"

समीक्षा हसली. "हेच ते. पथ्य पोटानं मोडत नाही काका, मनानं मोडतं. 'मला मनाई केली' असं म्हणालात तर महिन्याभरात परत भातावर याल. 'मी सोडला' म्हणा. आनंदानं म्हणा. पॉझिटिव्ह राहायचं. आणि भेटेल त्याला हसत सांगायचं. चार माणसांत बोललेलं माणसाला मोडता येत नाही."

हैबतराव शब्दाचे पक्के होते. भाताचं गाव, भाताचं घर, पाच खाचरं भाताची, त्यातली तीन कालव्याच्या पाण्यावर उन्हाळ्यातही पिकणारी. जन्मल्यापासून ते भाताशिवाय कधी झोपले नव्हते. पण सोडला म्हणजे सोडला. पहिल्या आठवड्यात भात शिजायला लागला की ते उठून चुलीपाशी जाऊन बसत.

"वास तरी घेऊ दे गो," ते बायकोला म्हणत.

"घ्या," कृष्णाबाई म्हणत. "वासाला साखर नसते."

आणि मग ते गावात सांगत सुटले. चक्कीवर सांगितलं. न्हाव्याला सांगितलं. एसटीच्या थांब्यावर, उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगितलं. तोंडभर हसून सांगितलं, कारण हसणं पथ्यातच होतं. असे सांगत सांगत ते पोपटला भेटले.

पोपट जमिनीची दलाली करायचा. कुणाच्या घरात भांडण झालं की ते शेजाऱ्याच्या आधी त्याला कळायचं.

"हैबतराव, भात सोडला म्हने?"

"सोडला!" हैबतराव हसले.

"सगळा?"

"सगळा. थोडा ठेवला की मन परत तिकडंच जातं."

"दोन्ही वेळचा?"

"दोन्ही वेळचा. डॉक्टरचं पन तसंच म्हननं हाय."

डॉक्टर म्हणजे मुंबईचा कोणी गिऱ्हाईक असणार, असं पोपटनं मनात धरलं. "घरच्यांचं काय?"

"कृष्णाबाईला जरा जड जातंय. नितेस माझ्या बाजूनं हाय. मला म्हनशील तर पोपट, लय हलकं वाटतंय. इतकी वर्सं उगीच ओझं वाह्यलं."

"मग आता भाताच्या जागी काय?"

"वाल."

"पावसात वाल?"

"पाऊस काय नि ऊन काय. आता बारा महिने वाल."

पोपटनं मान डोलावली. आपल्याकडे खाचरात उभा असतो तोही भात आणि ताटात पडतो तोही भात. मधे तांदूळ असतो तेवढ्यापुरतं नाव बदलतं. हैबतराव ताटाबद्दल बोलत होते. पोपटला ताट दिसतच नव्हतं, त्याला रस्त्याला लागून असलेली पाच खाचरं दिसत होती.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की हैबतनं शेती सोडली. "आवण टाकलंय ना पन त्यानं?" कुणी विचारलं. "ते सवयीनं टाकलं असंल," दुसऱ्यानं सांगितलं. आवणातली भाताची रोपं वीतभर झाली होती, आठ-दहा दिवसांत लावणीला येणार होती. ती उपटून खाचरांत लावली नाहीत तर जागेवरच म्हातारी होतात आणि वर्ष फुकट जातं. पण ज्यानं शेतीच सोडली त्याच्या रोपांची काळजी गावानं कशाला करावी?

हैबतरावांचा चुलतभाऊ नाथा, वरच्या खाचरांचा मालक. त्याच्या बांधातून पाणी खाली हैबतरावांच्या खाचरांत उतरायचं. त्यानं दोन फावडी माती टाकून ती वाट बुजवली आणि पाणी आपल्या बाजूला वळवलं. उगीच वाया कशाला घालवायचं? लावणीच्या बायांची मुकादम रंभा. दर वर्षी तिच्या बाया हैबतरावांकडे यायच्या. तिनं त्या दुसऱ्या गावाला कबूल करून टाकल्या. दोघांनी जे केलं ते शहाणपणानंच केलं. हैबतरावांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते बिरडं खात होते आणि हसत होते.

रविवारी पोपट एका पाहुण्याला घेऊन बांधावर आला. पाहुण्याच्या पायात पांढरे बूट होते आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. भात सोडणारा माणूस बघायला लोक गाडी करून येतात याचं हैबतरावांना कौतुक वाटलं.

"काका, मन घट्ट आहे ना?" पाहुण्यानं विचारलं. "नंतर मागं फिरणार नाही?"

"नाय हो! मी एकदम पॉझिटिव्ह."

"शेठ, पार्टी पॉझिटिव्ह हाय," पोपट कुजबुजला.

पाहुण्यानं पुडा सोडला. "मग तोंड गोड करा."

"गोड नको."

पाहुण्याचा चेहरा पडला. पोपटनं त्याला दोन पावलं बाजूला नेलं. "गोड नको म्हनतो म्हंजे भाव वाढवून मागतो. जुना मानूस हाय, तोंडानं नाय बोलनार." पाहुणा परत आला आणि म्हणाला, "बरं काका, गुंठ्याला तुमची काय अपेक्षा?"

"कसला गुंठा?"

"जमिनीचा."

"कुनाच्या?"

पाहुणा दोन पावलं मागे सरकला तो नेमका आवणात. पांढरे बूट घोट्यापर्यंत आत गेले. पुढे जे बोलणं झालं त्यात हैबतराव अजिबात हसले नाहीत.

"अरे, खायचा सोडला! खायचा! पेरायचा नाय!"

"खानार नाय तर पेरनार कसाला?" पोपट म्हणाला. त्याच्या मते हा प्रश्न बिनतोड होता आणि गावाच्याही मते तो बिनतोड होता. खाचरात उतरून बघितलं तर पाणी नव्हतं. हैबतराव तसेच नाथाकडे गेले.

"नाथा, पानी सोड."

"तू आधी ठरव, हैबत. काल सोडला म्हनतोस, आज नाय म्हनतोस. मी माझी लावनी त्या पान्यावर धरली. उद्या परत त्या पांढऱ्या बुटवाल्याला दिलंस तर?"

"आवन वाळंल माझं."

"माझ्या डोळ्यांदेखत भात खा. मग मानतो."

तिथून ते रंभाकडे गेले. ती दारात बसून सुपात सुकट निवडत होती.

"दादा, दोन दिवस काढीन मी तुमच्यासाठी. नाय कुटं म्हनते? पन पहिली मूठ लावली की मालक बांधावर बायांच्या पंगतीत बसून भात खातो का नाय? तुमचे वडील खायचे. तुमी खात आलात. अवंदा खानार का?"

"साखर हाय गो मला."

"मग मूठ नाय लावनार मी. मालकानं तोंड फिरवलेल्या भाताला कनीस धरत नाय. वर्सभर लोक म्हनतील, रंभाची मूठ पोचट."

हैबतराव घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. एका बाजूला पाच खाचरं. दुसऱ्या बाजूला बोललेला शब्द, तोही चार माणसांत नाही तर सगळ्या गावात बोललेला. वर पेणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर पायाची बोटं जातील. पायाची बोटं गेली तर चिखलात उभं कशावर राहायचं?

त्यांनी नितेशच्या फोनवरून समीक्षाला फोन लावला.

"बाय, एक ताट भात खाल्ला तर काय होईल?"

"काका, एका ताटानंच परत सुरू होतं. मन खंबीर ठेवा. पॉझिटिव्ह राहा. लोकांना हसत सांगा."

"हसत सांगितलं म्हनूनच ही येळ आली गो!"

समीक्षानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोन काकूंना द्या."

कृष्णाबाई फोन घेऊन परसात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी नितेशला रोह्याच्या बाजारात पाठवलं. कशाला ते सांगितलं नाही. हैबतरावांना एवढंच म्हणाल्या, "रंभाला सांगा, परवा या. मालक भात खानार हाय."

ठरल्या दिवशी अर्धं गाव बांधावर आलं होतं. पोपटही आला होता, छत्री घेऊन. नाथा हातात फावडं धरून उभा होता, पण माती काढत नव्हता. रंभानं पहिली मूठ हातात घेतली आणि तीही थांबली. कृष्णाबाईंनी बायांना टोपातला भात वाढला. हैबतरावांसाठी वेगळा डबा उघडला आणि ताटात पांढराशुभ्र ढीग घातला. त्यावर सुकटीचं कालवण ओतलं.

हैबतरावांनी ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं.

"खा," कृष्णाबाई म्हणाल्या. "आनंदानं खा. तुमाला तसंच सांगितलंय."

त्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. सगळा बांध श्वास रोखून बघत होता. भात चावायला लागत नाही. हा कुरकुरत होता. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू जे हसू पसरलं ते पथ्यातलं नव्हतं.

"वाढ गो आनखी," ते म्हणाले.

तीन वेळा घेतला त्यांनी, लग्नातल्यासारखाच. नाथानं फावडं मारलं आणि पाणी खाली उतरलं. रंभानं मूठ लावली. पोपट छत्री मिटून निघून गेला. पाऊस पडत होता, तरी मिटून गेला.

नाथा मात्र हात धुऊन पंगतीजवळ आला. "हैबत, तुझा भात लय मोकळा दिसतो. वास पन येगळा. जात कंची?"

हैबतरावांना ठसका लागला. कृष्णाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "फुलवारी."

"कदी ऐकली नाय."

"नवीन हाय."

नाथानं ते नाव तीनदा म्हणून पाठ केलं. पुढची दोन वर्षं मृगाच्या आधी तो रोह्याला बियाण्यांच्या दुकानात जाऊन फुलवारी मागायचा. दुकानदार म्हणायचा, संपलं. ठाऊक नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

लावणी दोन दिवसांत आटपली. त्या वर्षी भात चांगला आला. 'हैबत दोन महिन्यांत परत भातावर आला' असं गाव म्हणायचं. बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या की बघा, उगीच काही सोडायला जाऊ नका. हैबतराव ऐकून घेत. चार माणसांत भात सोडल्याचं त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. भात मात्र पुन्हा कधी खाल्ला नाही. दर लावणीला डबा वेगळा यायचा आणि दर तीन महिन्यांनी अष्टमीला साखर तपासली की समीक्षा कागदाकडे बघून मान हलवायची.

हैबतरावांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर पाच-सहा बसलेले. खाली येत, पिंडाकडे बघत आणि परत जात. नितेशनं हात जोडून सांगितलं, "बाबा, जमीन विकनार नाय." नाय शिवला. सुरभीनं सांगितलं, आईला बघीन. नाय शिवला. नाथा पुढे झाला आणि म्हणाला, "हैबत, तुझी वाट मी दोन फावडी बुजवली व्हती. परत कंदी बुजवनार नाय." एक कावळा खाली आला, नाथाकडे बघून परत गेला.

"भातावर जीव व्हता त्याचा," नाथा म्हणाला. "आनखी एक पिंड ठेवा."

कृष्णाबाई इतका वेळ मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भात सोडलेला मानूस हाय तो. तुमी त्याच्यापुढं भाताचा ढीग मांडलाय. शिवंल कसा?"

"सोडलेला? वयनी, माझ्या डोळ्यांदेखत खाल्लाय त्यानं! फुलवारी!"

"फुलावर," कृष्णाबाई म्हणाल्या. "भाजीचा फुलावर. किसनीवर किसून वाफवलेला."

नाथानं दोन्ही नावं एकापाठोपाठ म्हणून बघितली. कृष्णाबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि पिंडाच्या शेजारी, पानावर मूठभर वालाचं बिरडं ठेवलं. त्या मागे सरकल्या नाहीत तोच कावळा उतरला. त्यानं बिरडं खाल्लं, चोच पुसली आणि पिंडाला पाय न लावता उडून गेला. भटजींनी विचार केला आणि शिवला असं सांगितलं.

हैबतराव गेले ते २०२५ सालच्या फेब्रुवारीत, माघातल्या एकादशीला, सकाळी झोपेत. घरात त्या दिवशी कुणालाच भात नव्हता.