चार वर्षांचे शनिवार

सबनीससाहेबांना मी पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा रिवाजाप्रमाणे विचारलं, "कसा झालाय?" त्यांनी कप खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "आकडे अजून थोडे आहेत, वहिनी. आठ-दहा कप होऊ देत."

मला वाटलं, गंमत करताहेत. तीन महिन्यांनी टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार बंद होता होता त्यांनी ते हाताने अडवलं आणि म्हणाले, "दहा झाले. सरासरीने तुमचा चहा उत्तम. पण मंगळवारी पाणचट होतो." मी घरी येऊन हिशेब लावला. मंगळवारी माझा जपानीचा क्लास असायचा आणि मी घाईघाईत आधण उतरवायचे. त्या दिवसापासून ते येणार असले की मी मंगळवारी जास्त पावडर घालायला लागले.

ते माझ्या नवऱ्याच्या बँकेत, त्याच्याहून बरेच वरिष्ठ. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मुंबईहून तीन वर्षांसाठी आलेली माणसं पाच-पाच वर्षं टोकियोत राहायची. सबनीसांची बायको आणि मुलगा पहिलं वर्षभर इथे होते. मग मुलाची दहावी जवळ आली आणि दोघं पुण्याला परतले. त्यानंतर सबनीस आमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, एकटेच राहायचे. रविवारी पुण्याला फोन व्हायचा. मुलगा "बरा आहे, अभ्यास चाललाय" एवढं सांगून फोन आईकडे द्यायचा. हे मला त्यांच्या बायकोच्या पत्रातून कळलं, त्यांनी स्वतः कधी चकार शब्द काढला नाही.

कुठल्याही गोष्टीवर मत देताना त्यांच्या जिवावर यायचं. माझ्या भाच्याला सांगून आलेली मुलगी चहापोह्यांच्या एका कार्यक्रमात पसंत झाली, हे ऐकून ते खरोखर अस्वस्थ झाले. "एकच डाव बघून संघात घेतलं?" म्हणाले. भाच्याचा संसार छान चाललाय असं दोन वर्षांनी सांगितलं, तर म्हणे, "आकडे अजून थोडे आहेत."

हे सगळे आकडे ते साठवायचे ते मात्र एकाच ठिकाणी: बेसबॉलच्या मैदानावर. तेही मोठ्या झगमगीत स्टेडियमवर नाही. टोकियोबाहेर नदीकाठी एका क्लबच्या दुसऱ्या संघाचं मैदान होतं. मुख्य संघात जागा मिळेल या आशेवर पोरं तिथे वर्षानुवर्षं घासतात. प्रेक्षक म्हणजे चार आजोबा, एखाद्या खेळाडूची आई आणि दर शनिवारी सबनीस. ऑफिसचीच पँट, उन्हासाठी कापडी टोपी, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर बँकेची जाड फाईल, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेला आंबट प्लमचा भाताचा गोळा, कारण शाकाहारी म्हणून खात्री फक्त त्याचीच होती. पुण्याला कॉलेजच्या क्रिकेट संघात ते कधी बारावेसुद्धा नव्हते. ते स्कोअरर होते.

"मोठ्या संघातल्यांना सगळेच बघतात," ते म्हणायचे. "इथे कोण बघतंय? मग इथेच बघायला नको का?"

एकदा त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर शेंगदाण्यांचे क्षेत्ररक्षक उभे करून मला खेळ समजावला. गोलंदाजाने चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडले, तर त्याला न खेळताच पहिल्या बेसवर चालत जाता येतं. लोक फटके मोजतात, हे चालणं कोणी धरत नाही. पण बाद न होणं हीच खरी कमाई, असं सबनीसांचं म्हणणं. "सोडायला अक्कल लागते, वहिनी. मारायला काय, दंड लागतात." एवढं सांगून त्यांनी एकेक क्षेत्ररक्षक खाऊन टाकला.

आणि सोडण्यात सगळ्यांत हुशार होता कुरोकावा. सेंदाईकडचा, पंचविशीतला, किडकिडीत. फटक्यांची सरासरी यथातथाच, म्हणून सहा वर्षं दुसऱ्या संघातच अडकलेला. सबनीसांच्या तक्त्यांप्रमाणे मात्र तो मुख्य संघातल्या निम्म्या लोकांपेक्षा सरस होता. दोघं एकमेकांशी अवाक्षरही बोललेले नव्हते. तरी सबनीस त्याच्याविषयी "आपला कुरोकावा" असंच बोलायचे, आणि त्याला सर्दी झाली तर इथे ते बेचैन.

हंगाम संपला की क्लब काही खेळाडूंना काढून टाकतो. त्या यादीत कुरोकावाचं नाव येऊ नये, एवढाच सबनीसांना ध्यास लागला. त्यांनी क्लबला पत्र लिहायचं ठरवलं. लिहायचं म्हणजे मी, कारण त्यांची जपानी "इकडे", "तिकडे" आणि "शाकाहारी" यांच्या पलीकडे गेलेली नव्हती. एका वर्षी चार पानं तक्ते पाठवले. उत्तर नाही. पुढच्या वर्षी सात पानं पाठवली. या वेळी जाड, सुंदर कागदावर दोन ओळी आल्या. आपल्या बहुमोल मताबद्दल आभार, यापुढे सकारात्मक विचार करू.

जपानमध्ये सहा महिने काढलेल्या कुणालाही कळतं की याचा अर्थ 'नाही'. मुंबईहून नवा अधिकारी आला की सबनीस स्वतःच त्याला बजावायचे, "इथे 'सकारात्मक विचार करू' म्हणाले, की समजा फाईल बंद." आणि हाच माणूस माझ्या दारात उभा राहून मांडीवर थाप मारत म्हणाला, "बघा वहिनी! सकारात्मक!"

त्यांनी स्वतःच्या हाताने शिरा केला आणि तीन मजल्यांवर वाटला. खालून करपलेला होता. मला तोंडावर सांगायला हवं होतं. पण इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी कधी बघितलंच नव्हतं, आणि माझी जीभ रेटली नाही. मुकाट्याने शिरा खाल्ला.

त्याच शरदात वर्तमानपत्रात बारीक टाइपात काढलेल्या खेळाडूंची नावं आली. मी ती वाचून दाखवली. "परत वाचा," सबनीस म्हणाले. परत वाचली. कुरोकावा होताच.

"त्यांनी तक्ते नीट बघितले नसणार," ते म्हणाले. "समोरासमोर दाखवायला हवेत. शनिवारी तुम्ही येता का माझ्याबरोबर, बोलायला?"

शनिवारी आम्ही गेलो. सबनीस फाईल पोटाशी धरून क्लबच्या फाटकातून आत शिरणार, तेवढ्यात आतून कुरोकावाच बाहेर आला. एका हाताने सायकल ढकलत, पाठीवर सामानाची अगडबंब बॅग. सबनीसांना बघून तो जागीच थांबला. सायकल स्टँडवर लावली, टोपी काढली आणि कमरेत पूर्ण वाकला.

"अमेरिकेचे साहेब," तो म्हणाला, "आज याल असं वाटलं नव्हतं."

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं आणि मी एकेक वाक्य मराठीत आणत गेले. जाळीमागे स्टॉपवॉच घेऊन बसणारा परदेशी माणूस म्हणजे अमेरिकेतल्या क्लबने खेळाडू हेरायला पाठवलेला साहेब, असं इथे सगळेच धरून चालले होते. "बाकीचे मला हसायचे. पण मी खेळायला आलो की तुम्ही लिहायचात. फटका मारला तर मानही वर करायचा नाहीत. चेंडू सोडला की भराभर लिहायचात. म्हणून मी सोडायला शिकलो. शुक्रवारी लवकर झोपायचो. शनिवारी तुम्ही येणार, हे ठरलेलं असायचं."

सबनीसांचा चेहरा उतरला. "म्हणजे वहिनी," ते मराठीत पुटपुटले, "माझे सगळे आकडे शनिवारचेच हो. बाकीच्या दिवशी हा कसा खेळला, मी बघितलंच नाही. आणि शनिवारी हा माझ्यासाठी खेळत होता."

हे मी जपानीत सांगितलं नाही.

कुरोकावाने टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. "एकच विचारतो," तो म्हणाला. "माझ्याबद्दल तिकडे काय ठरलं? नाही म्हणालात तरी चालेल. उद्या घरी जाऊन आईला सांगायचंय, की सहा वर्षांत काय झालं."

मी हे मराठीत सांगितलं आणि सबनीसांकडे बघत राहिले. आता ते खरं सांगणार, याची मला खात्री होती. ते कुठल्या क्लबचे साहेब नव्हते, बँकेतले नोकरदार होते, आणि खोटा आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता.

सबनीसांनी फाईल उघडलीच नाही. "त्याला सांगा," ते म्हणाले, "मी त्याचं नाव सुचवलं होतं. दोनदा. उत्तम खेळाडू आहे, असं लिहिलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही. चूक त्यांची आहे, त्याची नाही. हे आईला अगदी असंच सांग म्हणावं."

माझ्याकडे होती नव्हती तेवढी आदरार्थी रूपं वापरून मी ते जपानीत सांगितलं. कुरोकावा पुन्हा वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. सबनीसही वाकले. त्यांना किती वेळ वाकायचं ते कधीच जमलं नव्हतं, पण त्या दिवशी दोघं बरोबरच वर आले. मग कुरोकावा सायकलवर बसला आणि नदीकाठच्या बांधावरून निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "साहेब, चक्क खोटं बोललात."

"खोटं कुठे? पत्रं तुम्हीच तर लिहिलीत, दोनदा. वरच्यांनी ऐकलं नाही, हेही खरंच. अमेरिका तो म्हणाला, मी नाही."

मला हसू आलं. त्यांना मात्र आलं नाही. उरायासु येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. गाडीचा वेग कमी झाला, मी उठून उभी राहिले, तरी ते बसूनच होते. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"चार वर्षं," ते म्हणाले, "दर शनिवारी कोणीतरी माझी वाट बघत होतं, वहिनी. आणि मला पत्ताच नव्हता."