उंबऱ्यावरची दवंडी

आमच्या देवळात आमेन दोनदा होई. एकदा सगळ्यांचं. मग पाळकसाहेब डोळे उघडून पुस्तक मिटायला लागले की दारातून दगडूबाचं. तेही साधंसुधं नाही, "आमेन होऽऽ!" असं. छपरावरची कबुतरं उडून जायची.

ख्रिस्ती होण्याआधी दगडूबा चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दवंडी द्यायचा. निजाम सरकारचं फरमान आलं की गावभर ओरडत फिरायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी गोऱ्या पाद्रीसाहेबांनी त्याला पेत्र हे नाव दिलं आणि मोठ्या कौतुकानं अर्थही सांगितला, खडक. "मंजी पुन्हा दगडूच की!" तो म्हणाला. गावानंही मग जुनंच नाव चालू ठेवलं.

तो कधी आत बसला नाही. एक पाय आत, एक बाहेर, असा उंबऱ्यावर उभा. कारण समोरच्या कडुनिंबाखाली त्याची बायको रखमा बसायची. तिला रक्तपिती होती, बोटं झडली होती आणि तिला आत घ्यायला मंडळी तयार नव्हती. या मंडळीचं काय सांगावं! प्रभू एक म्हणून गळा काढून गायचं आणि दोन वस्त्यांनी दोन वेगळ्या सतरंज्यांवर बसायचं. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. मला या लोकांकडून काडीची आशा उरली नव्हती.

पाळकसाहेबांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नसे. म्हणून दगडूबा उपदेशाची दवंडी द्यायचा. "ऐका हो ऐका! पाळक म्हन्त्यात, वैऱ्यावर माया करा. कशी करायची ते काय सांगितलं न्हाई!" आम्ही तोंड दाबून हसायचो. रखमा झाडाखालून बारीक आवाजात आमेन म्हणे आणि ते ऐकल्यावरच हा आपलं ठोकून देई. "जवाब आल्याबिगर दवंडी पुरी व्हत न्हाई," हा त्याचा कायदा.

एका रविवारी तो ओरडला, "पाळक म्हन्त्यात, निंबाखाली बसलेल्याचा मान पयला!"

पाळकसाहेब दचकले. "दगडूबा, मी हे बोललोच नाही!"

"मंग बोला की!"

रखमाला एकदाच आत बसून प्रभुभोजन घ्यायचं होतं. रोटीचा तुकडा तिला पानावर पोचायचा, सगळ्यांच्या ओठी लागणारा द्राक्षरसाचा प्याला कधीच नाही. दगडूबानं मंडळीच्या पंचांपुढं विषय काढला.

"लोक देऊळ सोडून जातील हो," पाळकसाहेब खाली मान घालून म्हणाले.

"कोन्या फरमानात हाय तसं? येसूनं रक्तपितीवाल्याला हात लावला, हे तुमीच वाचलं. म्या भाईर सांगून बसलो. दिलेली दवंडी माघारी कशी घिऊ?"

पुढं बघू, असं ठरलं. आमच्यात पुढं बघू म्हणजे नाही.

त्या उन्हाळ्यात रखमा गेली. आता मात्र पाळकसाहेबांना कळवळा आला. तिला आत आणा, म्हणाले, आता कुणाची हरकत नाही.

"जिती हुती तवा न्हाई, मंग आता कावून?" प्रार्थनेसाठी दगडूबानं तिची मयत कडुनिंबाखालीच ठेवली.

मंडळी पहिल्यांदाच त्या झाडापाशी आली, तीही लांब उभी राहिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हटलं. दगडूबा उठला आणि उंबऱ्यावर जाऊन नेहमीसारखा उभा राहिला.

"ऐका हो ऐका. पाळक म्हन्त्यात, रखमे, आत ये."

या वेळी पाळकसाहेब 'मी हे बोललोच नाही' असं म्हणाले नाहीत.

दगडूबा झाडाकडे कान देऊन उभा. खांदेकरी खोळंबले. मला बघवेना, शेवटी मीच त्याचा दंड धरून त्याला खाली उतरवलं.

अजूनही तो रविवारी उंबऱ्यावर उभा राहतो आणि दवंडी देतो. मग थांबतो. आमच्या देवळात आता आमेन एकदाच होतं.