सासूबाईंचं वळण

"स्टिअरिंगला हात लावलात की प्रयोग फसला असं समजेन," साहेबांनी शेजारच्या सीटवर बसत बजावलं. "मग तुमचं सॉफ्टवेअर गुंडाळायचं आणि बाहेरून तयार आणायचं."

"नाही लावणार," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

विजेवरच्या जुन्या गाड्यांना यंत्रं बसवून त्या चालकाशिवाय चालवायच्या, हे कंपनीचं काम. ब्रेक कधी, वेग किती, हे ठरवणारा सगळा प्रोग्राम तिचा. पण चांगलं चालवणं म्हणजे काय, हे गाडीला कुणाकडून तरी शिकायला हवं होतं. साहेबांनी स्वतःचं नाव सुचवलं होतं. तिने सासूबाईंना निवडलं. त्यांच्या गाडीवर एक ओरखडा नव्हता. साहेबांच्या गाडीवर नव्या ओरखड्याला जागा नव्हती. सासूबाईंच्या गाडीत कॅमेरे लावले, हॉर्न आणि सायरन ऐकायला मायक्रोफोन लावला. त्या बाजारात, दवाखान्यात, लेकीकडे जात राहिल्या आणि प्रोग्राम मुकाट्याने शिकत राहिला.

आज मागच्या सीटवर टॅक्सी कंपनीच्या मालकीणबाई होत्या. गाडी पसंत पडली तर त्या आपल्या सगळ्या टॅक्सींना हेच यंत्र बसवणार होत्या.

गाडी फाटकातून अलगद बाहेर पडली.

"आता जरा वेग घेऊ दे," साहेब म्हणाले.

गाडीने दिवा दाखवला, रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली.

तिने स्क्रीन पाहिला. सगळं हिरवं, कुठे बिघाड नाही. साहेब मालकीणबाईंकडे बघून हसले. गाडी आपली आपण निघाली.

"पुढे सायकल आहे, सायकल."

दिवा. कड. थांबा.

तिने उतरून कॅमेऱ्याची काच पुसली. काच आधीच लख्ख होती. गाडी निघाली, चौकापर्यंत गेली. साहेब म्हणाले, "सिग्नल बघा," आणि गाडी जी थांबली ती थेट एका गोदामाच्या दारात. मागे ट्रक येऊन उभा राहिला.

"ओ ताई, काढा की गाडी," ट्रकवाला ओरडला.

"लावा हात आता," साहेब म्हणाले.

"नाही लावणार."

"अहो, ट्रक उभा आहे."

"प्रयोग चालू आहे."

"मी सांगतोय ना."

"तुम्हीच सांगितलं होतंत."

साहेबांनी मग काच खाली करून ट्रकवाल्याला चालकविरहित वाहनांचं भवितव्य समजावलं. ट्रकवाल्याने साहेबांना त्यांचं स्वतःचं भवितव्य समजावलं. गाडी ढिम्म. अखेर साहेबांचा घसा बसला, ते गप्प झाले, आणि गाडी सुरळीत निघाली.

तिने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

सासरे नेहमी पुढे बसत. "अगं, ब्रेक. अगं, डावीकडून," असं त्यांचं सुरू झालं की सासूबाई एक शब्द न बोलता गाडी कडेला घेत, हात मांडीवर ठेवत, आणि सासरे गप्प होईपर्यंत समोर बघत राहत. मागे बसून नणंद तास तास बोले, तेव्हा मात्र त्या कधी थांबल्या नव्हत्या.

"बिघाड नाहीये," ती म्हणाली. "शेजारच्या सीटवरून सूचना आल्या की गाडी थांबते. सासूबाई तशाच थांबतात."

साहेबांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मान हलवूनच राग दाखवला. पुढचा सगळा रस्ता गाडी अशी चालली, की मालकीणबाईंना परत कंपनीचं फाटक दिसेपर्यंत वळणं जाणवलीसुद्धा नाहीत.

"छान आहे," त्या मागून म्हणाल्या. "किती दिवसांत बसवून द्याल?"

"आधी ही सवय काढावी लागेल," ती म्हणाली. "आठवडाभराचं काम आहे."

"बाकीच्यांतून काढा. पहिली गाडी मला घरी हवीये, अशीच. आमचे हे पुढेच बसतात."

हे मात्र साहेबांना सहन झालं नाही. त्यांनी तोंड उघडलं.

"अहो, पण..."

फाटक दहा पावलांवर होतं. गाडीने दिवा दाखवला.