अट गाळून बोललेले एक वाक्य

वडनेरकर सरांना "बरे आहात ना?" असे आमच्या गल्लीत फक्त नवखा माणूस विचारी. सर भर रस्त्यात थांबत, छत्री मिटत आणि सांगू लागत, "पोटानं बरा. गुडघ्यानं नाई. गुडघ्यातबी उजवा सकाळपुरता बरा." विचारणाऱ्याची गाडी चुकली, तरी डावा गुडघा बाकीच असे.

वर्ध्याच्या एका कॉलेजात सर तर्कशास्त्र शिकवत. जुन्या ग्रीकांकडून त्यांनी एकच गोष्ट उचलली होती. कुठलेही विधान नुसते खरे नसते; अमुक बाजूने, अमुक नात्याने, अमुक वेळेपुरते खरे असते. ही अट गाळून बोलणे ग्रीकांच्या मते तर्कदोष होता, सरांच्या मते गुन्हा. बाजारात ते मिरचीवालीला समजावत, "हिरवी मिरची म्हणू नोको बाई. सालानं हिरवी म्हण. आत बी पांढरं असते."

"मास्तर, घेता का नाई? का नुसतं साल देऊ?"

त्यांना तोंडावर बोलणारी दुसरी म्हणजे माझी धाकटी बहीण कुसुम. सर एकटे राहत. कुंपणावरून ती रोज त्यांना वरणाची वाटी देई.

"कसं झालं?"

"वरण म्हणून उत्तम. मिठाच्या दृष्टीनं मात्र..."

"मंग मीठ काढून द्या वापस!"

सिंदीहून कुसुमला पाहायला पाहुणे येणार होते. ती फटकळ आहे असे कळून आधीची दोन स्थळे चौकशीतच मोडली होती. आमच्याकडे मुलीची चौकशी शेजारी करतात, आणि आमचा शेजार म्हणजे सर. आदल्या दिवशी मी हात जोडले. "सर, नुसतं 'चांगली' म्हणा."

"नुसतं?" सर दचकले. "कोण्या अर्थानं?"

पाहुणे सरांच्या ओट्यावर बसले. मी कुंपणाआड उभा होतो. मुलाच्या मामांनी विचारले, "पोरगी कशी आहे, मास्तर?"

सरांनी मांडीवरची छत्री उघडली, पुन्हा मिटली. मी डोळे मिटले.

"चांगली आहे."

"स्वभावानं?"

"चांगली आहे."

"अन् कामाले?"

"एकदा सांगितलं ना? चांगली आहे!"

लग्न जमले. पुढे आठवडाभर सरांनी वर्गात कोणाचीही चूक काढली नाही.

यंदा सर गेले. मला ठाऊक नसलेली एक गोष्ट तेराव्याला आलेल्या कुसुमने सांगितली. तिच्या लग्नानंतर सर अधूनमधून रविवारी पॅसेंजरने सिंदीला जात, स्टेशनच्या बाकावर दोन तास बसत आणि उलट गाडीने परत येत. कोणीतरी तिच्या कानावर घातले, तेव्हा ती तडक स्टेशनवर गेली.

"घर इतकं जवळ, अन् तुमी इथं काऊन बसून राह्यले?"

"येऊ कोण्या नात्यानं?" सर म्हणाले. "बाप नाई, भाऊ नाई. मास्तरबी नाई तुझा."

कुसुमने त्यांची पिशवी उचलली आणि चालू लागली. फलाटाच्या टोकाशी पोचल्यावर वळून पाहिले, तर सर येत होते, जवळजवळ धावत.