मामीचं मशीन

माझी रुक्मी गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको आंगणात बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसलो होतो, अन् आमचा वसंता चुलीसमोर हात लोंबकळत सोडून पुतळ्यासारखा उभा होता.

"काऊन उभा आहेस रे? चहा ठेव ना," मी म्हटलं.

"मामा, मी आता मशीन आहे. मशीन फक्त मामीचं ऐकते."

वसंता माझ्या बहिणीचा पोरगा. त्याची माय लहानपणीच गेली, म्हणून सुट्टी लागली की नागपूरहून अल्लीपूरले आमच्याकडेच. तिकडे तो कंप्युटरचं शिके. त्या काळी आमच्या गावात ते जनावर कोणी पाह्यलं नव्हतं. वसंता सांगे, त्याले थंड हवेच्या खोलीत ठेवा लागते, आत जाताना चपला काढा लागते. मी म्हटलं, "हा कंप्युटर आहे का जावई?"

पण त्याले अक्कल नसते म्हणे. एकेक गोष्ट ओळीनं सांगा लागते. सराव म्हणून वसंता घरात मशीन व्हायचा अन् रुक्मी हुकूम सोडायची. "चहापत्ती टाक" म्हटलं, त्यानं थेट चुलीत टाकली. "मेल्या, गंजात टाक, पातेल्यात!" "मग तसं सांग ना मामी. चूक तुझी." साखर टाक म्हटलं, तर थांब म्हणेपर्यंत टाकतच राह्यला. रुक्मी तोंडाले पदर लावून हसे.

शेवटी ती बाई इतकी पक्की झाली की मलेही तसंच सांगे. "टोपी घाला, थैली घ्या, दुकानात जा, पारावर बसू नका, मीठ घ्या, परत या."

आम्हाले पोटचं पोर नाई. पण घरात दिवसभर 'मामी, मामी' चाले, हे त्या पोराचे उपकार.

दुसऱ्या दिवशी रुक्मी वावरात बसल्या जागीच गेली. संध्याकाळपर्यंत सारं आटोपलं. वसंता परीक्षेआधीच्या सुट्टीत आलेला, अन् त्याची नागपूरच्या कॉलेजात शेवटची तोंडी परीक्षा उद्यावर. नाई गेला तर वर्ष बुडणार. शेजारणीनं पिठलं-भात आणला. मी ताट सरकवलं, त्यानंही सरकवलं. संध्याकाळची एसटी निघून गेली.

"जातो का नाई रे?" मी खेकसलो.

"तुम्ही जेवले तर जातो. नाई जेवले तर नाई."

"परीक्षा तुझी, अन् जेवू मी?"

तो खाली पाहून बोलला, "मामा, तिथं सारं इंग्रजीत. मले ओ का ठो कळे नाई, अन् कोणाले विचारायची लाज वाटे. मामीच्या हुकमावर चुकत चुकत शिकलो मी. प्रोजेक्ट तिच्याच बोलण्यावर उभा आहे. तुम्हाले उपाशी टाकून जाऊ, अन् तिथं तोंड उघडू?"

मी तर समजत होतो, हा बुढीची गंमत करते.

सकाळी मी तोच शिळा पिठलं-भात खाल्ला. तो समोर उकिडवा बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत राह्यला. मग उरलेलं त्यानं उभ्या उभ्या खाल्लं, दोन्ही ताटं घासून पालथी ठेवली, अन् ओल्या हातानंच पहिल्या एसटीमागे धावत सुटला.