खोतकाकांचा उमेदवार

खोतकाका ज्या देशाच्या राजकारणावर बोलतात, तो अख्खा देश न्यूझीलंडमधल्या आमच्या न्यू लिन उपनगराच्या मॉलमध्ये मावेल, वर पार्किंगही मिळेल. निउए नावाचं पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट आहे. कारभार स्वतःचा, पासपोर्ट न्यूझीलंडचा. काका तिथे कधीही गेलेले नाहीत. भारतातल्या निवडणुकांचा विषय निघाला की ते जांभई देतात. इथलं मत ते देतात, पण कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवून यावा तसं. निउए म्हटलं की मात्र खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "हवा आपली आहे."

याला कारण विली. विली काकांचा शेजारी, मूळचा निउएचा. काकू गेल्यापासून दोघं रोज संध्याकाळी काकांच्या डेकवर बसायचे. विली बोलायचा नाही आणि काका थांबायचे नाहीत, त्यामुळे जोडी उत्तम जमली होती. तिकडे सार्वत्रिक निवडणूक लागली आणि विलीचा थोरला भाऊ गावच्या जागेवर उभा राहिला.

"समोर कोण आहे?" काकांनी विचारलं.

"माय कझिन," विली म्हणाला.

काका गुहागरचे. त्यांचा चेहरा उजळला. "भाऊबंदकी!" ते थेट मराठीतच ओरडले. विलीने समजावलं, की तसं काही नाही, भावाची गाडी बंद असल्यामुळे दोघं उमेदवार मतदानाला एकाच गाडीतून जाणार आहेत.

"सी? टॅक्टिक्स!" काका म्हणाले.

मग व्हिडिओ कॉलवरून प्रचार सुरू झाला. गावात नाराज कोण कोण आहे, असं काकांनी भावाला विचारलं. नाराज फक्त बायको आहे, छप्पर गळतंय म्हणून, असं तो म्हणाला. "आधी छप्पर!" काकांचा आदेश सुटला. वहिनींना त्यांनी हळदीकुंकू करायला सुचवलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गावातल्या बायकांना जेवायला बोलावलं. "तेच ते," काका मला म्हणाले. "ग्राउंडवर काम दिसायला लागलं."

विलीची म्हातारी आई तिकडे त्या भावाकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. भाऊ निवडून आला तर त्याचा वेळ असेंब्लीत जाणार, म्हणून विलीने कायमचं परत जायचं, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. विलीलाही तेच हवं होतं. हे कळल्यावर मी काकांना म्हटलं, "म्हणजे तुम्ही हातातला शेजारी घालवायला एवढे राबताय?"

"उमेदवार हातात घेतला की निवडून आणायचा," काका म्हणाले. "त्यात आपल्या घरचं बघायचं नसतं."

तारीखरेषेमुळे निउए न्यूझीलंडपेक्षा एक दिवस मागे असतं. तिथलं शनिवारचं मतदान आपल्या रविवारी. काकांनी आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले. "निकाल उद्या लागेल, पण आजचा," असं ते सिडनीतल्या मुलाला फोनवर सांगत होते. "ओके डॅड, टॉक लेटर," म्हणून मुलाने फोन ठेवला.

भाऊ निवडून आला. हरलेल्या चुलतभावानेच त्याला घरी सोडलं. काकांनी गुलाल उधळला, तो वाऱ्याने विलीच्या पांढऱ्या कुंपणावर नेऊन बसवला. विलीने काकांना कडकडून मिठी मारली आणि मग होजपाइप आणला.

महिनाभराने आम्ही विलीला विमानतळावर सोडलं. परतताना काका मोटरवेभर गप्प होते.

"मतमोजणी चालू होती ना, तेव्हा मी देवापुढे बसलो होतो," ते एकदम म्हणाले. "त्याचा भाऊ पडू दे, असं नाही हो मागितलं. शपथेवर सांगतो. पण निवडून येऊ दे, हेही तोंडातून निघेना."

गाडी मी चालवत होतो हे बरं, त्यांच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

"मग काय केलंत?"

"काय करणार? नुसताच हात जोडून बसलो," काका म्हणाले. "म्हटलं, तुला काय समजायचं ते समज."