दिलगिरी विभागाचा आनंद

आमच्या कंपनीत पाणी तापवायची यंत्रं तयार होतात आणि आमच्या विभागात त्यांबद्दलची दिलगिरी. ज्या ग्राहकाचं यंत्र पाणी तापवत नाही, किंवा पाणी सोडून भिंत तापवतं, त्याला सविनय पत्र लिहायचं, एवढंच आमचं काम. आम्ही नऊ जण, नऊ गावांतल्या नऊ घरांत बसून दिलगीर होतो. मला ते सोयीचं होतं. घरी आई होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन, दोन्ही संपावर. तिला एकटीला सोडून मुख्य कार्यालयाच्या शहरात राहायला जाणं मला शक्य नव्हतं, आणि हे कंपनीच्या दफ्तरी नोंदवलेलं होतं.

असा सुरळीत कारभार चालू असताना एका सोमवारी परिपत्रक आलं. घरून काम करणारे कर्मचारी एकाकी पडतात, असं व्यवस्थापनाच्या निदर्शनास आलं होतं. सबब दर शुक्रवारी दुपारी चार ते पाच पडद्यावर आनंद मेळावा भरेल. उपस्थिती ऐच्छिक आहे. या ऐच्छिक उपस्थितीस जे राहणार नाहीत त्यांनी कारण लेखी कळवावं, आजारपण असल्यास डॉक्टरचा दाखला जोडावा. मेळाव्यात प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा आनंद एक प्रोग्राम शंभरपैकी मोजेल. तीन महिन्यांची सरासरी साठाच्या खाली गेल्यास त्या कर्मचाऱ्याला घर मानवत नाही असं समजून मुख्य कार्यालयात बोलावून घेण्यात येईल.

म्हणजे हसले नाही तर आईला सोडून जायचं. हे वाचल्यावर उरलंसुरलं हसूही गेलं.

मेळावा चालवायला एक आनंद अधिकारी नेमली होती. दर वाक्यागणिक ती पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडवायची, म्हणून आम्ही तिला कन्फेटी म्हणायचो. पोरगी वाईट नव्हती. आमची सरासरी हाच तिचा आनंद धरला जायचा, त्यामुळे ती आमच्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी बघायची.

पहिल्या शुक्रवारी तिने सगळ्यांना हाताशी असलेली वस्तू उचलून तिचे तीन गुण सांगायला लावले. मी स्टेपलर उचलला. दोन गुण सांगितले, तिसरा सुचेना. मला अडतीस मिळाले. आमच्यातले सगळ्यात जुने गृहस्थ म्यूटमामा. त्यांना माइकचं बटण कधी सापडलंच नाही, किंवा सापडून त्यांनी ते सोडून दिलं. त्यांनी नुसता चमचा उंच धरला. त्यांना एक्केचाळीस.

मी आरशासमोर सराव केला. दुसऱ्या शुक्रवारी चव्वेचाळीस, मग सत्तेचाळीस, मग कपाळावर आठ्या आल्यामुळे त्रेचाळीस. सराव चालू असला की आतल्या खोलीतून आई हाक मारायची. "अगं, जरा ये ना. बस दोन मिनिटं." मी म्हणायची, "एवढं पत्र होऊ दे." तीन वर्षं ती हाक मारत होती आणि तीन वर्षं ते पत्र होत होतं.

पाचव्या शुक्रवारी मेळावा सुरू झाला आणि नेमका एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांच्या यंत्राने त्यांचा टॉवेल जाळला होता. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि वीस मिनिटं दिलगीर झाले. परत येऊन बघते तर माझ्या खुर्चीत आई. चष्मा शोधायला आली होती. पडद्यावर माणसं बघून तिला वाटलं, घरी कुणी आलंय आणि पोरगी आत जाऊन बसलीय. मग तिनेच सूत्रं हातात घेतली. कुणाला चहा झाला का विचारलं, कुणाला इतका का वाळलास विचारलं, कन्फेटीला म्हणाली, "पोरी, तो कचरा उडवू नकोस, मागून झाडणार कोण?"

आईला शहाण्णव मिळाले. तिची कवळी नवी होती. प्रोग्रामला दात मोजता येत होते, ते कुणी बसवले हे विचारायची त्याला सोय नव्हती. माझ्या आणि आईच्या चेहऱ्यातला सव्वीस वर्षांचा फरकही कुणाच्या लक्षात आला नाही. उलट कन्फेटीने मला संदेश पाठवला, की आज तुम्ही खूप टवटवीत दिसत होतात.

मला ते लागलं. पण सरासरी सरासरी असते. पुढच्या शुक्रवारीही मी आईलाच बसवलं आणि आत ओट्यावर पत्रं लिहीत राहिले. शुक्रवार उजाडला की आई सकाळपासून पातळ निवडायची. चार वाजायला दहा मिनिटं असताना खुर्चीत जाऊन बसायची. आतून मला हशा ऐकू यायचा. आईच्या आवाजात इतकं हसू असतं, हे मी विसरले होते.

एकदा तिने म्यूटमामांनाच गाठलं. "अहो, तुम्ही का गप्प? घरी ठीक ना सगळं?"

मग खरखर झाली आणि कुणीच कधी न ऐकलेला आवाज आला. "बायको गेली दोन वर्षांपूर्वी. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून सवय गेली."

"मग इथे बोला की," आई म्हणाली.

ते बोलले. स्वतःची पत्रं ते आधी बायकोला वाचून दाखवायचे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सगळे चाळीस मिनिटं ऐकत राहिले. प्रोग्रामने त्यांना बावीस गुण दिले आणि अहवालात त्या दिवशीचा मेळावा तांत्रिक बिघाड म्हणून दाखवला.

तीन महिने संपले. माझी सरासरी अठ्ठ्याहत्तर. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिथेच चुकले, कारण अठ्ठ्याहत्तर ही विभागातली सर्वोच्च सरासरी निघाली. व्यवस्थापनाने मला आनंदभूषण जाहीर केलं. सत्काराला मोठे साहेब स्वतः पडद्यावर आले आणि खुर्चीतल्या आईला म्हणाले, दोन शब्द बोला.

आईला खोटं बोलता येत नाही. "मी नाही हो तुमच्याकडे कामाला," ती म्हणाली. "कामाची ती आहे. आत पत्रं लिहितेय. हाक मारू?"

चौकशी बसली. साहेबांनी मला सरळच विचारलं, की तुम्ही घरी आनंदी आहात का. मी म्हटलं, साहेब, मी घरी कामात असते. त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी आईला तेच विचारलं. आई म्हणाली, "शुक्रवारी असते." तेही त्यांनी लिहून घेतलं.

आठ दिवसांनी निकाल आला. एक, मातोश्रींना घर मानवते हे आकडेवारीने सिद्ध होते. दोन, कर्मचारी यांना ते मानवत नाही. सबब मातोश्रींची मानद आनंद सल्लागार म्हणून नेमणूक करून त्यांना घरून काम करण्याची परवानगी देण्यात येत आहे. कर्मचारी यांनी सोमवारी मुख्य कार्यालयात रुजू व्हावे.

मी रडले, भांडले, अर्ज केले. अर्जांना उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मसुदा माझाच होता.

आईजवळ मावशी राहायला आली. निघताना मी आईच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "शुक्रवारी भेटशील ना आता?" तीन वर्षं मी तिच्या शेजारच्या खोलीत होते.

मुख्य कार्यालयात एका दालनात आम्ही चाळीस जण बसतो. शुक्रवारी चार वाजता सगळे कानात इअरफोन घालतात आणि आपापल्या पडद्यावर मेळाव्याला जातात. समोरासमोर भेटायला सभागृह आहे, पण तिथे मेळाव्याच्या तयारीची बैठक चालू असते.

पहिल्याच शुक्रवारी पडद्यावर आई आली. मागे मावशी तिची वेणी घालत होती.

"जेवलीस?"

"हो."

"माझ्याकडे बघून सांग."

मी बघितलं. किती दिवसांनी ते मला मोजता येईना. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. ती खूप वेळ बोलत होती आणि मला कुठलंही पत्र संपवायचं नव्हतं.

मला चौऱ्याण्णव मिळाले. बदली कर्मचाऱ्यास मानवल्याचा शेरा माझ्या फायलीत पडला असून, तेव्हापासून घरी आई असलेल्या सगळ्यांना टप्प्याटप्प्याने मुख्य कार्यालयात बोलावण्यात येत आहे.

हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त मघाशी, म्यूटमामा बोलायला लागले त्याच सुमारास, आतल्या खोलीतून तुम्हाला कुणीतरी हाक मारली होती. तुम्ही म्हणालात, एवढं वाचून होऊ दे. झालं.